आधी चुलवाण, मग लेबल

प्रिय मावशी,

मी पन्हाळा तालुक्यातली, वय 27. फूड टेक्नॉलॉजी शिकले, तीन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि यंदा घरी परत आले. आमचं गुऱ्हाळ आजोबांच्या वेळचं आहे. 4 एकर ऊस आमचा, बाकी गावातल्यांचा गाळून देतो. हंगाम धरून चालून 120 दिवस, दिवसाला 4 आदणं (काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, एका वेळी रस उकळून गूळ उतरवला की एक आदण), एका आदणाला 2 टन ऊस आणि जवळपास 200 किलो गूळ.

मला या धंद्यात काहीतरी नवं आणि निसर्गाला न ओरबाडणारं करायचंय. वाफेवर चालणारी स्टीलची यंत्रणा, आलं-वेलदोड्याच्या चौकोनी वड्या, छान पाकीट, त्यावर 'ऑरगॅनिक' असं छापायचं. सगळ्याला मिळून 25 लाख लागतील. बँक 11 टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे, जमीन तारण ठेवावी लागेल. बाबा म्हणतात, "काळा गूळ सौद्यात कोण विचारतंय? पिवळा दिसला तर दर." त्यासाठी हायड्रॉस पावडर टाकतात. (हंगामाच्या सुरुवातीला पंधरा दिवस रस काढलेल्या उसाचं चिपाड ओलं असतं, तेव्हा चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, भंगारातल्या चपला आणि प्लॅस्टिक जाळतो. हे मी बाहेर कुणाला सांगितलेलं नाही.) महिना झाला, बाबा आणि मी कामापुरतंच बोलतो. मी चुकतेय का?

तुमची,
पन्हाळ्याची लेक

*

लेकी,

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू कंसात टाकलीस. यंत्रणा, वड्या, पाकीट हे सगळं मोकळेपणानं लिहिलंस आणि चपला जाळतो हे दीड ओळीत उरकलंस. मी तिथूनच सुरू करते, कारण तुझा धंदा तिथूनच सुरू व्हायला हवा असं मला वाटतं.

माझं माहेर करवीर तालुक्यातलं. आमच्या परड्यातही गुऱ्हाळ होतं, आता बंद पडून बरीच वर्षं झाली. चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाड सारणाऱ्या माणसाचा खोकला मी लहानपणी ऐकलाय, आणि तेव्हा तर नुसतं चिपाडच जळत होतं. चपलेत पुष्कळदा पीव्हीसी असतं. ते जळलं की डायॉक्सिनसारखी विषं हवेत जातात. ती त्या माणसाच्या छातीत जातात, शेजारच्या गोठ्यातल्या वैरणीवर बसतात आणि काजळी होऊन उघड्या काहिलीतही पडतात. ज्या रसाची तू आलं-वेलदोड्याची वडी करणार, त्याच रसात. पाकिटावर काय छापायचं हा प्रश्न त्यानंतरचा आहे. म्हणून माझी पहिली आणि एकमेव सक्त सूचना अशी: येत्या हंगामात चुलवाणात ऊस सोडून दुसऱ्या कशाचाही कण जाता कामा नये. बाकी सगळं सावकाश झालं तरी चालेल.

आता चिपाड पुरतं का नाही, ते बघू. 2 टन उसातून साधारण 1,200 ते 1,300 लिटर रस निघतो आणि त्यातलं हजारेक लिटर पाणी उडवल्यावर गूळ होतो. चिपाड निघतं 700 किलोच्या आसपास, पण घाण्यातून पडतं तेव्हा त्याचं निम्मं वजन पाण्याचंच असतं. तसंच सारलं तर जाळाची बरीच ताकद चिपाड वाळवण्यातच जाते, रस उकळायला उरतं काय? हेच चिपाड दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून उलटंपालटं केलं की त्यावर आदण निघतं, वर थोडं शिल्लकही राहतं. चांगली गुऱ्हाळघरं स्वतःच्या चिपाडावरच चालतात.

तुमची अडचण फक्त पहिल्या पंधरा दिवसांची आहे, म्हणजे उपायही तेवढ्याचाच करायचाय. मार्चमध्ये शेवटच्या आठवड्यांत जे चिपाड उरतं ते तुम्ही विकता की पेटवून मोकळे होता, ते लिहिलं नाहीस. ते ठेव. पाच-सहा दिवसांच्या गाळपापुरती गंज, म्हणजे 7 टनांच्या आसपास. खाली दगड, वर ताडपत्री, चारी बाजूंनी पाऊस मारणार नाही अशी आणि चुलवाणापासून लांब. दुसरं, हंगाम आठ-दहा दिवस उशिरा धरा. दिवाळीच्या सौद्यात चार पैसे जास्त मिळतात म्हणून सगळ्यांना घाई असते, मला ठाऊक आहे. पण ऑक्टोबरातला ऊस बहुतेक कच्चा असतो, उतारा कमी पडतो, गूळ मऊ राहतो आणि मऊ गूळ कडक करायला मग चुना आणि पावडरी येतात. कच्च्या उसाचा हा दंड बाबांना ठाऊक असणार, तू फक्त कागदावर मांडून दाखव. गेल्या वर्षी पहिल्या पंधरवड्यात आदणाला किती किलो गूळ पडला आणि जानेवारीत किती, एवढे दोन आकडे वहीत नक्की असतील.

तिसरं काम गवंड्याचं. एका संध्याकाळी धुराड्याच्या तोंडाकडे बघ. वर जाळ दिसत असेल तर तुमचा पैसा तिथून आकाशात चाललाय. चुलवाणाला खाली जाळी आहे का, राखेच्या खड्ड्यातून हवा शिरते का, मोठ्या काहिलीखालून निघालेला गरम धूर धुराड्याकडे जाताना वाटेत दुसऱ्या लहान काहिलीच्या बुडाला लागतो का, हे तपास. त्या दुसऱ्या काहिलीत पुढच्या आदणाचा रस आयता तापतो. जळण वाचतं, वेळही वाचतो. प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र कोल्हापुरातच आहे, तुला एस. टी.नं जाऊन परत येता येईल. जाताना चुलवाणाची लांबी-रुंदी मोजून ने आणि बाबांनाही बरोबर घेऊन जा. ने म्हणजे गोड बोलून ने.

तू 'नवं' म्हणतेस ते मला इथं दिसतं. उसाशिवाय दुसरं काही न जाळता आदण उतरवणं ही खरी कल्पकता आहे. ती पाकिटावर दिसत नाही म्हणून कमी ठरत नाही.

आता पिवळ्या रंगाचं. बाबा खोटं बोलत नाहीत. कोल्हापूरच्या गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात, आणि सौद्यात ढेपेचा रंग बघूनच बोली लागते. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी पेठ वसवली, तिथं गुळाचा व्यापार वाढला. तेव्हापासून गूळ पिकवणारा आणि गूळ खाणारा यांच्यामध्ये अडत्याची नजर आहे. त्या नजरेला चव कळत नाही, रंग कळतो. ज्या माणसाचं घर 120 दिवसांच्या सौद्यावर वर्षभर चालतं, त्याला "उद्यापासून पावडर बंद" म्हणणं सोपं नाही. बाबांना अडाणी ठरवून तू ही लढाई जिंकणार नाहीस, आणि जिंकू नयेस असंही मला वाटतं.

पण पावडरीबद्दल दोन गोष्टी घरात बोलता येतील. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. त्यानं रंग उजळतो आणि गुळात सल्फर डायऑक्साइड राहतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमात त्याची मर्यादा किलोला 70 मिलिग्रॅम आहे. गूळ करणारा गुळव्या ओंजळीनं पावडर टाकतो, तिथं मिलिग्रॅमचा हिशेब कोण ठेवणार? दम्याच्या माणसाला या सल्फाइटचा त्रास होतो. दुसरी गोष्ट बाबांनी स्वतः पाहिलेली असणार: हा पिवळेपणा टिकत नाही. ठेवणीत तो गूळ पुन्हा काळवंडतो. म्हणजे ज्या रंगासाठी एवढं करायचं तो फक्त सौद्याच्या दिवसापुरता.

आणि नैसर्गिक गूळ काळाच होतो हा समज पुसून टाक. चांगल्या रानातल्या चांगल्या उसाचा, उकळत्या रसावर येणारी मळी नीट काढलेला गूळ मधासारखा, सोनेरी तांबूस येतो. काळा गूळ बहुतेक वेळा रानाची तक्रार असते. क्षारपड जमिनीतल्या उसाचा गूळ काळा, खारट आणि पाणी सुटणारा होतो. शेवटपर्यंत युरिया मारलेल्या उसाचा गूळ रंगाला मार खातो. पडलेला, उंदरानं कुरतडलेला, तोडून दोन दिवस पडून राहिलेला ऊस आला तर साखर फुटते आणि ढेप नीट धरत नाही. तोडल्यापासून 24 तासांत घाण्यात जायला हवा. जातही बघ. गुळासाठी को 92005 चं नाव घेतलं जातं ते उगाच नाही. रानात झालेली चूक काहिलीत पावडरीनं झाकता येते आणि गेली कित्येक वर्षं आपण तेच करत आलोय. म्हणून म्हणते, तुझ्या 4 एकरांकडे आधी बघ. माती तपासून घे. पाटानं पाणी सोडत असाल तर ठिबकचा विचार कर. पंचगंगा, कृष्णा, वारणेच्या काठच्या किती जमिनी जादा पाण्यानं मिठागरासारख्या पांढऱ्या पडल्या, ते तू शिरोळकडे जाताना पाहिलं असशील.

पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, जाळू नका, हे तुला सांगायला नको. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं, तुमच्या रानात 13 टनांच्या पुढं. ते तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याच्या सरीत पसरलं की ओल टिकते, तण दबतं आणि वर्षभरात कुजून खत होतं. लवकर कुजावं म्हणून टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू खत टाकायची शिफारस आहे. तुला पुढं सेंद्रियच्या वाटेनं जायचं असेल तर युरियाच्या जागी शेणकाला आणि सुपर फॉस्फेटच्या जागी रॉक फॉस्फेट घे. वेळ लागेल, पण कुजतं. चुलवाणातली राख आणि काहिलीतली मळीही रानातच परत जाऊ दे. मळीवर गांडूळ खत झकास होतं.

मळी काढायला काय वापरता, ते तू लिहिलं नाहीस. आपल्याकडे पूर्वापार भेंडी आहे. भेंडीची झाडं ठेचून पाण्यात चुरायची, तो चिकट बुळबुळीत रस तापत्या आदणात सोडायचा, की सगळी घाण फेसाबरोबर वर येते आणि झाऱ्यानं काढता येते. मळी जितकी जीव लावून काढाल तितका रंग उघडतो. मधल्या काळात भेंडी मिळेना म्हणून लोक पावडरीकडे वळले. मग लाव की! जूनमध्ये बांधाला भेंडीच्या दोन ओळी टोकल्या तर हंगामाला झाडं तयार. फवारणी करायची नाही, एवढंच.

हे लिहिताना मला कोलंबिया आठवतो. आपल्यानंतर जगात सगळ्यात जास्त गूळ त्या देशात होतो. त्याला ते पानेला म्हणतात, गुऱ्हाळाला त्रापिचे. तिथंही डोंगरउतारावरची लहान शेतकरी कुटुंबंच हा धंदा करतात, चिपाडावरच काहिली उकळतात आणि मळी काढायला झाडाच्या सालीचा चिकट रस वापरतात. ग्वासिमो, बाल्सो ही ती झाडं. साली ओरबाडून ओरबाडून आसपासच्या रानातली ती झाडं कमी झाली आणि मग तिथंही लोक रसायनाकडे वळायला लागले. त्यावर उपाय निघाला तो म्हणजे तीच झाडं आपल्या शेतात लावायची. तुझी बांधावरची भेंडी आणि त्यांचं शेतातलं ग्वासिमो, एकच शहाणपण आहे. तिथल्या सरकारनं 2006 साली नियम करून गुळात हायड्रोसल्फाइट घालायला बंदी केली. आता तिथली पानेला पूड होऊन परदेशी जाते. आपला गूळ त्यांच्यापेक्षा कुठंही कमी नाही, हे मी माहेरच्या अभिमानानं नाही, चव घेऊन सांगते.

आता 25 लाख. तू शिकलेली आहेस, तरी हा हिशेब तू केलेला दिसत नाही, म्हणून मी केला. 25 लाखांवर 11 टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज होतं 2 लाख 75 हजार. 120 दिवसांच्या हंगामात वाटलं तर दिवसाला जवळपास 2,300 रुपये, मुद्दल सोडून. पहिल्या वर्षी तू स्वतः, पाकिटात घालून, ओळखीच्या बळावर किती गूळ विकू शकशील? आठवड्याला एक आदण धर. 17 आठवड्यांचा 3,400 किलो. हे काही थोडं नाही, विकायला गेलीस की कळेल. पण व्याज त्या 3,400 किलोवर टाकलं तर किलोमागे 81 रुपये नुसतं व्याज येतं. तुमच्या 4 एकरांतला सगळा ऊस, एकरी 40 टन धरून 160 टन, म्हणजे 80 आदणं, 16,000 किलो, हा सगळा गूळ तू स्वतः विकलास तरी किलोला 17 रुपये. आणि तारण काय, तर तोच 4 एकर, ज्याच्यावर हे सगळं उभं आहे. यंदा हे कर्ज काढू नकोस. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असं आपल्यात म्हणतात.

त्याऐवजी बाबांकडून आठवड्याला एकच आदण माग. भिशीच्या हप्त्यासारखा ठरलेला एक वार. त्या दिवशी स्वतःच्या रानातला ऊस, भेंडी, गरज पडली तर खाण्याचा चुना बेतानं, आणि फेस उतू जाऊ नये म्हणून एरंडेलाचे चार थेंब. पावडर नाही. त्या आदणाचा सगळा हिशेब तुझा, तोटाही तुझा. बाकीची आदणं बाबांच्या पद्धतीनं सौद्याला जाऊ देत. हे तुला तडजोड वाटेल. पण घर चालतं ठेवून बदल करायचा असेल तर मला दुसरी वाट माहीत नाही. फक्त चपला-प्लॅस्टिक सगळ्याच आदणांतून गेलं पाहिजे, तिथं आठवड्याचा वार नाही.

एक गोष्ट तुझ्या पत्रात शोधूनही सापडली नाही, ती म्हणजे तुमचा गुळव्या. काहिलीतल्या फेसाचा आवाज ऐकून, पाण्यात थेंब सोडून गोळी होते का बघून आदण कधी उतरवायचं ते ठरवणारा माणूस. थर्मामीटर लावलास तर 118 अंशांच्या आसपास ते उतरवतात हे तुला कळेल. तुझ्या शिक्षणात ते आहेच. पण कोणत्या रानाच्या रसाला दोन अंश अलीकडे आणि कोणत्याला पलीकडे, ते त्याला कळतं. वाफेच्या यंत्रणेत तो माणूसच धरलेला दिसत नाही. पावडर न टाकता ढेप धरवण्याची जबाबदारी शेवटी त्याच्या हातावर आहे, आणि आदण बिघडलं तर नाव त्याचं जातं. त्याच्याशी बाबांच्याही आधी बोल. त्या दिवसाची मजुरी थोडी जास्त दे. आदण फसलं तरी मजुरी कापणार नाही असा शब्द दे.

आणि पाकिटावर त्याचं नाव छाप. मला विचारशील तर तुझ्या धंद्यातली सगळ्यात नवी गोष्ट हीच होईल. एक साधी चिठ्ठी: कोणत्या रानातला ऊस, कोणती जात, तोडणी कोणत्या तारखेला, आदण कोणत्या तारखेला, रसात काय घातलं, चुलवाणात काय जाळलं, गुळव्या कोण. द्राक्षाच्या, आंब्याच्या पेटीला बागाईतदाराचं नाव असतं, गुळाच्या ढेपेला ते हात का नसावेत? चौकोनी वडी आणि आल्याचा स्वाद आज गल्लोगल्ली मिळतो, उद्या कुणीही करेल. ही चिठ्ठी फक्त तेच छापू शकेल ज्याचं चुलवाण स्वच्छ आहे.

'ऑरगॅनिक' हा शब्द मात्र काढून टाक. पावडर न घालता केलेला गूळ आणि सेंद्रिय गूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रासायनिक खतावर वाढलेल्या उसाचा गूळ कितीही शुद्ध केला तरी सेंद्रिय होत नाही. त्यासाठी रान दोन-तीन वर्षं त्या पद्धतीवर चालवावं लागतं आणि प्रमाणपत्र घ्यावं लागतं, संस्थेकडून किंवा शेतकऱ्यांच्या गटानं मिळून. गावात अजून चार-पाच घरं तयार झाली तर गटाची वाट स्वस्त पडते. तोवर 'पावडर न घालता केलेला गूळ' एवढंच छाप, ते खरं आहे. तसंच कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते चिन्ह छापायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. ती करून घे. बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो ही आपल्या सगळ्यांची जुनी दुखरी गोष्ट आहे, त्यावर आपल्या परीनं हे एक उत्तर आहे. फूड लायसन्सची नोंदणी तुझ्या शिक्षणामुळे तुला सांगत बसत नाही.

विकायचं कुठं? पुण्या-मुंबईच्या मॉलकडे आत्ता बघू नकोस. तिथं माल उधारीवर जातो आणि उरलेला परत येतो. रंग न विचारणारं गिऱ्हाईक जवळच आहे. गुळाच्या चहाची दुकानं बघ, आता प्रत्येक नाक्यावर झालीत. त्यांचं दुखणं एकच: गूळ टाकला की दूध फाटतं. रसाचा आंबटपणा नीट मारून, मळी चोख काढून केलेला गूळ त्यांना नमुन्याला दे आणि त्यांच्या टपरीवर उभं राहून चहा करून दाखव. तुझं शिक्षण इथं कामी येईल. लाडू-चिक्की करणारे बचत गट आहेत. काकवी आहे, 105-106 अंशांवर उतरवली की झाली, जळण कमी लागतं आणि लहान मुलांच्या घरात भाकरीबरोबर ती हमखास जाते. संक्रांतीच्या आधीचे तीन आठवडे सगळ्यात मोठे. त्या आठवड्यांत एकाऐवजी दोन आदणं मागून घे.

गूळ पावडरीचा मोह होईल, म्हणून माझा अनुभव सांगते. बचत गटातल्या बायकांबरोबर काम करत असताना आम्ही एका हंगामात बरीच पूड केली. सुरेख, मोकळी, वाळूसारखी. पाकिटं एका व्यापाऱ्याकडून घेतली, जाड आहेत म्हणाला, आम्हीही हातानं चाचपून विश्वास ठेवला. जूनचा पाऊस लागला आणि जुलैत 300 पाकिटं परत आली, आत पूड नव्हती, दगड होता. गूळ हवेतलं पाणी ओढतो, आणि पन्हाळ्याच्या पावसाळ्यात हवेत पाणी किती असतं ते तुला सांगायला नको. पुडीत ओलावा 2 टक्क्यांच्या आत हवा आणि पाकीट ओल आत न घेणारं हवं. आम्हाला पहिलं जमलं होतं, दुसरं नव्हतं. तिघीजणींची वर्षाची बचत त्यात गेली, अजून मनाला लागतं. म्हणून पहिल्या वर्षी पूड 50 किलोच्या वर करू नकोस. त्यातली पाच पाकिटं ऑगस्टपर्यंत घरातच फळीवर ठेवून दर महिन्याला एक फोड. पुडीसाठी आदण 120 अंशांच्या थोडं वर न्यावं लागतं, तेही गुळव्याला आधी सांग, नाहीतर जळलं म्हणून तो आधीच उतरवेल.

हे सगळं एक हंगाम करून वहीत आकडे आले की मग पैशाचं बघ. लघु अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची 2020 पासूनची योजना आहे, त्यात प्रकल्पाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान कर्जाला जोडून मिळत आलंय. त्या वेळी ती चालू आहे का, अटी काय आहेत, ते तालुका कृषी कार्यालयात विचार. तेव्हा कदाचित तुला 25 लाखांची गरजच वाटणार नाही. स्टीलची काहील, सुधारलेलं चुलवाण, चिपाड वाळवायला शेड आणि ओल धरणार नाही अशी एक खोली, एवढ्यावर भागेल असा माझा अंदाज आहे.

राहिले बाबा. तू विचारलंस, मी चुकतेय का. तुला जे हवंय त्यात तू चुकत नाहीस. क्रम चुकलाय, आणि महिनाभर न बोलणं चुकलंय. त्यांच्यासमोर पाकिटाचं डिझाइन घेऊन जाऊ नकोस. आजोबांच्या वेळी पावडर नव्हती, तेव्हा गूळ कसा धरायचा, भेंडी कुठून आणायचे, कोणत्या रानातल्या गुळाला सौद्यात नाव होतं, हे विचार. आदण गार व्हायला वाफ्यात ओतल्यावर सगळे जरा टेकतात, ती वेळ बरी. ते तुला शिकवायला लागले की अर्धं काम झालं. आणि चपलांची गोष्ट तूच काढ, आरोप करून नको. "सुरुवातीच्या पंधरा दिवसांचं चिपाड मी सांभाळते, माझ्यावर सोडा" एवढंच म्हण. कोणत्याही बापाला मुलाबाळांदेखत चपला जाळायला आवडत नसणार. दुसरी सोय नव्हती म्हणून ते करत आले.

नोव्हेंबरात पहिलं आदण निघालं की मला लिही. रंग कसा आला ते मागाहून कळव, आधी किती चिपाड उरलं ते सांग.

तुझी,
मावशी